हार्टफर्ड व्हेलर्स आठवणी प्रकल्प: माझी नोंदवही

१३ जानेवारी २०२४, शनिवार

ग्रंथालयाच्या तळघरातल्या खोलीत पहिली बैठक. ग्रंथपाल बाई, शाळेतून निवृत्त झालेले दोन शिक्षक आणि मी. काम असं: हार्टफर्ड व्हेलर्स या आइस हॉकी संघाच्या जुन्या चाहत्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, त्यांच्याकडची तिकिटं, फोटो, कॅसेट यांच्या डिजिटल प्रती काढायच्या आणि १३ एप्रिलला छोटं प्रदर्शन लावायचं. तारखेवर चर्चा झालीच नाही. १९९७ साली याच दिवशी व्हेलर्स शेवटची मॅच खेळले आणि संघ नॉर्थ कॅरोलायनाला गेला. कनेटिकटच्या या भागात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही ही तारीख विचारा, कॅलेंडर न बघता सांगतात.

मला घेतलं ते हॉकीसाठी नाही. मी विमा कंपनीत क्लेमचा डेटा तपासतो, एक्सेल बरं येतं, एवढंच. बर्फावर मला धड उभंही राहता येत नाही. पण मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी फुटबॉलची मॅच असली की वडील आणि मामा दोन दिवस आधीपासून एकमेकांशी बोलायचे नाहीत. आईला दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवावे लागायचे. त्यामुळे गल्लीचा संघ म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. फरक एकच. तालमीचा संघ विकत घेऊन कुणी नागपूरला नेला, असं मी आजवर ऐकलेलं नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

आजच्या तारखेचा मान म्हणून छतापासून सुरुवात केली.

१८ जानेवारी १९७८, पहाटे सव्वाचारच्या सुमारास हार्टफर्ड सिव्हिक सेंटरचं छत बर्फाच्या भाराने खाली आलं. आत कुणी नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्याच छताखाली कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांची बास्केटबॉलची मॅच झाली होती आणि पाच हजारांच्या आसपास माणसं खुर्च्यांवर बसलेली होती. इमारत उघडून जेमतेम तीन वर्षं झाली होती.

हे छत माझ्या ओळखीचं निघालं. सिव्हिल करून आयटीत घुसलेल्या हजारोंपैकी मी एक. तिसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी हीच स्पेस फ्रेम फळ्यावर काढली होती: साधारण ३०० बाय ३६० फुटांची पोलादी दांड्यांची जाळी, हिशेब कॉम्प्युटरने केलेला, जमिनीवर जुळवून मग वर उचललेली. जमिनीवर होती तेव्हाच ती हिशेबाच्या दुप्पट वाकलेली दिसली होती. कागद आणि प्रत्यक्ष यांत फरक असायचाच, असं म्हणून काम पुढे गेलं. वरच्या दांड्यांना बाजूने जेवढा आधार गृहीत धरला होता तेवढा मिळतच नव्हता, त्या बकल झाल्या, म्हणजे भाराखाली बाजूला वाकल्या, आणि एकामागून एक सगळंच गेलं. सरांनी गावाचं नाव सांगितलंही असेल. मी लक्ष दिलं असेल तर शपथ. आता त्याच इमारतीसमोरून रोज ऑफिसला जातो.

पहिले पाहुणे निवृत्त प्लंबर, वय ७४. माईक लावायच्या आधीच म्हणाले, "त्या रात्री मी आत होतो. वरून कुरकुर ऐकू येत होती." शीटमध्ये नोंद केली. शेजारी बारीक प्रश्नचिन्ह टाकलं.

२७ जानेवारी, शनिवार

आजवर सात जण झाले. सातांपैकी चौघं छत पडायच्या आदल्या रात्री 'आत होते'.

नोकरीचा गुण आड आला. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, आमच्याकडे एकाच अपघाताचे इतके क्लेम आले तर फाइल वेगळ्या टेबलावर जाते. बाई शांतपणे म्हणाल्या, "तू इथे क्लेम पास करायला बसलेला नाहीस." मग त्यांच्याशी बराच वेळ हुज्जत. शेवटी ठरलं: शीटमध्ये दोन कॉलम. एक 'सांगितलं', दुसरा 'घडलं'. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसरा वर्तमानपत्रांच्या फाइली बघून मी भरायचा. प्रदर्शनात काय लावायचं ते नंतर.

६ फेब्रुवारी, मंगळवार

छत पडल्यावर संघ कुठे खेळला? उत्तरेला ४० किलोमीटरवर, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. दोन वर्षं. हार्टफर्डहून तिथे जायचा रस्ता म्हणजे ९१ नंबरचा हायवे, म्हणून जे चाहते प्रत्येक मॅचला गाडी काढून जात ते स्वतःला '९१ क्लब' म्हणवू लागले.

आज प्लंबर काका दुसऱ्यांदा आले, बूट ठेवायचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन. (मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणतो. तोंडावर पहिल्या नावाने हाक मारावी लागते आणि अजून जीभ अडखळते.) मला वाटलं खोक्यात तिकिटं असतील. पार्किंगच्या पावत्या निघाल्या! तिकिटं एका स्वच्छतेच्या झटक्यात बायकोने टाकून दिली. पावत्या धंद्याच्या खर्चाच्या फाइलीत पडल्या होत्या म्हणून वाचल्या. हॉकीचं पार्किंग धंद्याच्या खर्चात कसं, हे मी विचारलं नाही.

त्यांचं ९१ क्लबचं वर्णन जवळजवळ पाऊण तास चाललं. त्यात खेळ पाच मिनिटांचा असेल. बाकी सगळं: गाडीचा हीटर बंद, काचेवर आतून साचलेलं दव मेहुणा हातमोज्याने पुसतोय, थर्मासमधलं टोमॅटोचं सूप सांडून सीटला कायमचा वास, आणि परत येताना हरल्याबद्दल एकमेकांना शिव्या. मी मधेच विचारलं, त्या दोन वर्षांतली लक्षात राहिलेली मॅच कुठली? बराच विचार करून म्हणाले, "गाडी बंद पडली होती ती."

संघ परतला तो दिवस ६ फेब्रुवारी १९८०. तोवर बरंच बदललं होतं. मूळचे हे न्यू इंग्लंड व्हेलर्स, वर्ल्ड हॉकी असोसिएशनमधले. १९७३ साली त्या लीगचं पहिलं विजेतेपद यांचंच. ती लीग बंद पडली आणि १९७९ मध्ये एडमंटन, क्विबेक आणि विनिपेग यांच्याबरोबर व्हेलर्सही एनएचएलमध्ये, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या मुख्य लीगमध्ये, आले. 'न्यू इंग्लंड' या नावाला बॉस्टनवाल्यांची हरकत, म्हणून 'हार्टफर्ड'. बॉस्टनचं नाव निघालं की काका अजूनही भुवई उडवतात.

आणि गॉर्डी हाउ. १९२८ चा जन्म. दोन मुलगे, मार्क आणि मार्टी, आणि स्वतः बाप, तिघं एकाच संघात. १९७९-८० च्या हंगामात हा माणूस सगळ्या ८० मॅच खेळला आणि १५ गोल केले. मार्चमध्ये ५२ वर्षांचा झाला. ५ फेब्रुवारीला तो डेट्रॉइटला लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना खेळला आणि दुसऱ्या दिवशी हार्टफर्डच्या नव्या छताखाली हजर. आमच्या ऑफिसात ५२ व्या वर्षी लोक खुर्ची बदलून मागतात.

१० फेब्रुवारी, शनिवार

कॅसेटींचा दिवस. एका बाईंच्या भावाने रेडिओवरची समालोचनं टेप करून ठेवली होती, एकूण ३८ कॅसेट. जवळजवळ सगळीकडे चक केटन यांचा आवाज. १९७९ पासून संघ जाईपर्यंत रेडिओवर तेच, आणि मग संघाबरोबर कॅरोलायनालाही गेले.

नऊ कॅसेटींमधला दाबपट्टीचा फेल्टचा तुकडा सुटलेला. त्याशिवाय टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. स्क्रू असलेल्या कॅसेट उघडून टेप नव्या डब्यात घातली. चिकटवलेल्या होत्या त्या पातळ पात्याने उघडाव्या लागल्या. एक मोडली, टेप वाचली. शहरातल्या एका दुकानाला आधी तीन नमुन्यादाखल दिल्या होत्या, त्यांनी आवाज 'स्वच्छ' करून आणला आणि प्रेक्षकांचा गलकाच काढून टाकला. गलकाच तर हवा होता. पुढचं सगळं घरीच.

९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५. समालोचन, मधली विश्रांती सगळं धरलं की दुसऱ्या सत्रातच केव्हातरी बाजू संपते. त्या ठिकाणी प्रत्येक टेपवर खट्, मग अर्धा मिनिट काहीच नाही, मग अचानक आरडाओरडा. तीन ठिकाणी त्या अर्ध्या मिनिटात गोल झालेला आहे.

हक्कांचा प्रश्न आहेच. ठरलं की या फाइली नेटवर टाकायच्या नाहीत. ग्रंथालयात बसून हेडफोनवर ऐकायच्या.

११ फेब्रुवारी, रविवार

गोल झाला की व्हेलर्सच्या मैदानात 'ब्रास बोनांझा' नावाची धून वाजायची. ट्रम्पेटचा दणका. काल रात्री टेपवर ती पंधरावीस वेळा ऐकली असेल. आज सकाळी मुलगी ब्रश करताना तीच गुणगुणत होती. बायको म्हणाली, लग्नाच्या वरातीतल्या बँडला दे, काही कळायचं नाही कुणाला.

४ मार्च, सोमवार

पुन्हा तारखेचा मान. ४ मार्च १९९१: रॉन फ्रान्सिसला पिट्सबर्गला दिलं. १९८१ मध्ये लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर घेतलेला मुलगा, १० नंबरची जर्सी, दहा वर्षं हार्टफर्डचा चेहरा. त्याच्याबरोबर उल्फ सॅम्युएलसन आणि ग्रँट जेनिंग्ज. बदल्यात जॉन कलन, झारली झलापस्की आणि जेफ पार्कर. पिट्सबर्गने त्याच वर्षी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. पुढच्या वर्षी परत जिंकला.

'सांगितलं' कॉलम इथे ओसंडून वाहतो. माझा तर्क होता की लोक १९९७ बद्दल जास्त चिडलेले असतील. तसं नाही. १९९७ बद्दल बोलताना आवाज खाली जातो, १९९१ बद्दल बोलताना चढतो. एका निवृत्त शिक्षकांनी (आमच्याच समितीतले) सांगितलं की बातमी कळली तेव्हा ते वर्गात अपूर्णांक शिकवत होते आणि त्यांनी मुलांना सांगितलं, दहा भागिले तीन करा आणि बघा हातात काय राहतं ते. ही गोष्ट बनवलेली आहे असा माझा पक्का संशय आहे. तारीख तपासली: सोमवार होता, शाळा असणार. 'घडलं' कॉलम रिकामा सोडला.

१० मार्च, रविवार

मिरवणूक. हे प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून नीट लिहून ठेवतो.

एनएचएलच्या १८ हंगामांत व्हेलर्स आठ वेळा प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, पोचले आणि एकच फेरी जिंकले: १९८६ मध्ये क्विबेकविरुद्ध, तीन-शून्य. पुढे माँट्रियलशी गाठ. सात मॅच. सातवी जादा वेळेत गेली आणि क्लॉड लेमियूच्या गोलने हार्टफर्ड बाहेर. पुढे कप माँट्रियलनेच जिंकला. तर हार्टफर्डने काय केलं? हरून आलेल्या संघाची भर गावातून मिरवणूक काढली. दुसरी फेरी हरल्याची मिरवणूक! बाकीची शहरं हसली आणि अजून हसतात.

आज तिघांशी बोललो, तिघांनाही याची लाज नाही. एक बाई, तेव्हा विमा कंपनीत टायपिस्ट, म्हणाल्या की त्या दिवशी त्यांच्या मजल्यावरचे सगळे खिडक्यांना चिकटले होते आणि कागदाचे कपटे म्हणून कुणीतरी पंचिंग मशीनच्या पोटातला चुरा ओतला. जुने दावे भोकं पाडून फाइल व्हायचे, त्यांचा चुरा. तो खाली खेळाडूंच्या केसांत. मला हे चित्र फार आवडलं. पुरावा शोधणार नाही.

आमच्याकडे फायनल हरलेला संघ पेठेत परतला तर पोरं गल्लीच्या तोंडाशी उभी राहतात, पण गुलाल नाही. गुलाल जिंकल्यावरच. वडिलांना फोनवर ही मिरवणूक सांगितली. म्हणाले, "चुकीचं आहे." थोडं थांबून, "पण सात मॅच म्हणजे बऱ्यापैकी झुंजले की."

१६ मार्च, शनिवार

किरकोळ पण विसरायला नको असं:

१९८२-८३ मध्ये व्हेलर्सनी आखूड हॉकीच्या चड्ड्यांऐवजी लांब पॅन्ट घातल्या. घोट्यापर्यंत. फोटोत सगळे सफाई कामगारांच्या गणवेशात बर्फावर आल्यासारखे दिसतात. चार जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं की पडला की खेळाडू थांबतच नसे, घसरत कडेच्या बोर्डापर्यंत जाई. लीगने पुढे त्या बंद केल्या.

रिंक शॉपिंग मॉलला जोडलेलं होतं, त्यावरून बाहेरचे लोक 'द मॉल' म्हणून चिडवत. आता चिडवणारं कुणी उरलं नाही म्हणून की काय, इथले लोक तोच शब्द लाडाने वापरतात.

चिन्ह: खाली हिरवा डब्ल्यू, वर निळं देवमाशाचं शेपूट, आणि दोघांमध्ये सोडलेल्या पांढऱ्या जागेत एच. पीटर गुड यांचं काम. मुलीला दाखवलं, तिला एच आधी दिसला. मला हार्टफर्डमध्ये राहून दोन वर्षं दिसला नव्हता.

२६ मार्च, मंगळवार

१९९७ मध्ये आजच्या दिवशी जाहीर झालं की संघ हंगाम संपल्यावर जाणार. मालक पीटर कार्मानोस, १९९४ मध्ये संघ घेतलेले. राज्याशी नव्या स्टेडियमवरून बोलणी फिसकटली. त्याआधी वर्षभर 'सेव्ह द व्हेल' मोहीम, ११ हजार हंगामी तिकिटांचं लक्ष्य. टायपिस्ट बाईंनी स्वतःच्या आणि आईच्या नावावर दोन घेतली होती. आईला हॉकी कळत नव्हती, ती तिथे बसून विणायची.

दोष कुणाचा यावर सहा मुलाखतींत सहा उत्तरं. मालक, राज्यपाल, लीग, विमा कंपन्या, बॉस्टन, "आम्हीच". शेवटचं उत्तर एकट्याने दिलं आणि लगेच म्हणाला, हे कापून टाका. कापलं.

६ एप्रिल, शनिवार

३१ मुलाखती पूर्ण. मोजणी केली. १३ एप्रिल १९९७ च्या मॅचला २२ जण हजर होते, असं त्यांचं म्हणणं. अधिकृत आकडा १४,६६० प्रेक्षकांचा आहे, त्यामुळे अशक्य नाही. पण एकाने सांगितलं की त्या रात्री बाहेर बर्फ पडत होता. मॅच रविवारी दुपारी होती.

ग्रंथपाल बाईंना दाखवलं. त्यांनी खाली लिहिलं: 'दोन्ही लावा.' म्हणजे प्रदर्शनात प्रत्येक आठवणीखाली 'घडलं'ची बारीक अक्षरातली पट्टी. मी आधी हेच म्हणत होतो, आता मात्र मला ते नको वाटतंय. रात्रीचा बर्फ आठवणाऱ्या माणसाच्या समोर 'दुपार' असं लिहून ठेवायचं? बाई म्हणाल्या, तूच सुरू केलंस.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी बाल्कनीत, वाऱ्याने दोनदा पडली. संध्याकाळी पावत्या स्कॅन केल्या, ६०० डीपीआयने, एकूण ११४. शाई उडालेल्या पुष्कळ. काँट्रास्ट वाढवत बसलो होतो.

रात्री अकरा वाजता एक गुलाबी चिठोरी. शिक्का: १७ जानेवारी १९७८.

बराच वेळ तसाच बसलो. १८ जानेवारीच्या नोंदीत काकांच्या नावापुढे मी टाकलेलं ते प्रश्नचिन्ह. अर्थात पावतीवरून गाडी लावली होती एवढंच सिद्ध होतं, माणूस आत होता असं नाही, आणि कुरकुर ऐकली असं तर अजिबात नाही. हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचाच राग आला. प्रश्नचिन्ह काढून टाकलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

पट्ट्या लावल्या, पण सगळ्यांना नाही. जिथे चूक कुणाच्या तरी बापाबद्दल, भावाबद्दल आहे तिथे नाही. नियम कुठला, असं शिक्षकांनी विचारलं. नियम नाही.

१३ एप्रिल, शनिवार

साधारण दीडशे माणसं आली असतील, मोजायचं राहिलं. निम्म्या लोकांनी हिरवं-निळं घातलेलं. हेडफोन दोनच होते, रांग लागली. पुढच्या वेळी चार हवेत. ते कॅसेटमधलं खट् आणि नंतरची शांतता येते तिथे लोक हेडफोन दाबून धरतात, आता काहीतरी होणार म्हणून.

दुपारी शेवटच्या मॅचची टेप. टँपा बेविरुद्ध २-१. शेवटचा गोल केव्हिन डिनीनचा, संघाचा कप्तान. सगळ्यांना निकाल पाठ, तरी गोलला टाळ्या.

टाळ्या चालू असताना टायपिस्ट बाई माझ्याजवळ आल्या आणि पर्समधून पाकीट काढलं. आत त्या मॅचचं तिकीट. अखंड, कोपरासुद्धा फाडलेला नाही. "आईचं. ती म्हणाली मी नाही येत, मला रडणारी माणसं बघवत नाहीत. मी तिच्या खुर्चीवर कोट ठेवला होता." काचेखाली ठेवलं. पट्टीवर काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, काही नको.

काकांनी गुलाबी पावती काचेखाली बघितली. वाकून तारीख वाचली. मग माझ्याकडे बघून, "तुला पटलं नव्हतं ना?"

"नव्हतं," म्हटलं.

"मेहुण्यालाही नाही पटत. तो माझ्या शेजारीच बसला होता."

१८ एप्रिल, गुरुवार

आवराआवर चालू असताना बातमी आली: ॲरिझोनाचा कायोटीज संघ सॉल्ट लेक सिटीला चालला. काल रात्री टेंपीला शेवटची मॅच झाली, एडमंटनला ५-२ हरवलं. हा संघ मूळचा विनिपेगचा, म्हणजे १९७९ मध्ये व्हेलर्सबरोबर लीगमध्ये आलेल्यांपैकी एक. १९९६ मध्ये त्यांनी विनिपेग सोडलं, आता ॲरिझोना. गेल्या वर्षी आपल्या राज्यपालांनी हा संघ हार्टफर्डला आणायची इच्छा बोलून दाखवली होती. समितीत त्यावर कुणी शब्द काढला नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. ॲरिझोनातल्या ग्रंथालयांना कळवा म्हणाले, लोकांना तिकिटं जपून ठेवायला सांगा, पस्तीस वर्षांनी लागतील. मी म्हटलं, आता तिकीट फोनमध्ये असतं, कागद नसतो.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पार्किंगची पावती?"

तीही फोनमध्येच, म्हटलं.